पेट्रोल की वीज: नागपूरच्या मोटारीचा हिशेब

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की पेट्रोलची, या प्रश्नाला नागपुरात दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले असे, की विजेची गाडी दीड-दोन रुपयांत किलोमीटर कापते आणि धूर सोडत नाही. दुसरे असे, की गाडी घेतानाच खिसा रिकामा होतो, आणि धूर म्हणाल तर तो कोराडी वीज केंद्राच्या चिमणीतून निघतोच. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांकडे आकडे आहेत आणि ते बहुतांशी खरेही आहेत. तरीही वाद मिटत नाही, कारण कोणाचे आकडे कोणत्या परिस्थितीत लागू पडतात हे सहसा सांगितले जात नाही. या लेखात तो वाद आज कुठवर आला आहे ते पाहायचे आहे. नागपूर निवडण्याचे कारण केवळ जवळीक हे नाही. मोटारींच्या विद्युतीकरणाचा देशातला पहिला मोठा जाहीर प्रयोग या शहरात झाला, राज्यातली दोन मोठी औष्णिक वीज केंद्रे शहराच्या उत्तर वेशीला लागून आहेत, आणि इथल्या उन्हाळ्यासारखी बॅटरीची परीक्षा फार थोड्या ठिकाणी होते.

२०१७ चा प्रयोग

भारतात विजेची मोटार नवी नाही. बंगळुरूची रेवा २००१ पासून रस्त्यावर होती; २०१० मध्ये ती कंपनी महिंद्राने घेतली. पण सामान्य ग्राहकापर्यंत तिची चर्चा पोचली ती केंद्र सरकारने २०१५ मध्ये विद्युत वाहनांना अनुदान देणारी फेम योजना आणल्यानंतर, आणि त्यातही २०१७ मध्ये, जेव्हा २०३० पर्यंत देशातल्या सगळ्या नव्या गाड्या विजेवर चालतील अशी भाषा मंत्र्यांच्या तोंडी येऊ लागली. पुढे ते लक्ष्य सौम्य झाले आणि खासगी मोटारींसाठी ३० टक्क्यांवर आले.

त्याच वर्षी २६ मे रोजी नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओलाने नागपुरात दोनशे विद्युत वाहनांचा ताफा उतरवला. त्यात महिंद्राच्या ई२ओ प्लस मोटारी होत्या, ई-रिक्षा होत्या. कंपनीने पन्नास कोटींची गुंतवणूक जाहीर केली आणि शहरात चार ठिकाणी मिळून पन्नासहून जास्त चार्जिंग पॉइंट उभे केले. नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने ओलाच्या साथीने देशातले पेट्रोल पंपावरचे पहिले चार्जिंग केंद्रही नागपुरातच सुरू केले.

वर्ष उलटायच्या आत अडचणी दिसू लागल्या. २०१८ च्या सुरुवातीला रॉयटर्स वृत्तसंस्थेने दिलेल्या बातमीनुसार चालकांना चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागत होते, खर्च परवडत नव्हता, आणि अनेकांना विजेची गाडी परत करून पेट्रोल किंवा डिझेलची हवी होती. एका केंद्रामुळे वस्तीत वाहतुकीची कोंडी होते म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि ते बंद करावे लागले. टॅक्सीवाल्याचे उत्पन्न गाडी धावते तेव्हाच होते. रांगेतले तीन तास म्हणजे त्याची तीन तासांची मजुरी बुडाली.

या प्रयोगाला अपयश म्हणून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही. गाड्या लहान पल्ल्याच्या होत्या, जलद चार्जिंग जवळपास नव्हते, आणि दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवर तो भार टाकला होता. त्यातून एवढे मात्र पक्के कळले की गाडीच्या किमतीइतकाच ती चार्ज कुठे आणि किती वेळात होणार हा प्रश्न मोठा आहे.

त्यानंतर चित्र बदलले. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही १३.९९ लाखांपासून आली, सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८.४९ लाखांपासून. राज्याने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे केली. तरी २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर मोटारींमागे विजेच्या दोन-अडीचच होत्या. म्हणजे ज्या वादाचा हा आढावा, तो अजून बहुतेक घरांत निर्णयाच्या आधीच्या टप्प्यावर आहे.

खरेदीची किंमत

एकाच वर्गातली विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा महाग असते, हे सगळेच मान्य करतात. मतभेद आहेत ते फरक किती धरायचा यावर. शोरूमच्या किमती शेजारी ठेवल्या तर तफावत मोठी दिसते. पण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के आणि त्याहून महाग मोटारीवर १२-१३ टक्के वाहन कर लागतो. विजेच्या मोटारीला त्यातून माफी आहे. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यातही १५ टक्के सवलत आहे. त्यामुळे गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर येईपर्यंत फरक आकसतो. गाडीच्या प्रतीनुसार तो कमी-जास्त होतो. हिशेबासाठी तीन लाख धरू.

पण पेट्रोल मोटारी स्वस्त झाल्याने हा फरक पुन्हा वाढला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा अधिभार गेला. विजेच्या मोटारींवर तो आधीपासून ५ टक्केच होता, तो तसाच राहिला. शिवाय विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला मिळणारी दीड लाखांपर्यंतची प्राप्तिकर वजावट ३१ मार्च २०२३ नंतरच्या कर्जांना नाही. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले हिशेब आज जसेच्या तसे वापरता येत नाहीत.

या तफावतीचे मूळ बॅटरीत आहे. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीप्रमाणे बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. तरीही ३० किलोवॉट-तासांची बॅटरी आजही गाडीतला सर्वांत महाग भाग आहे. २०२४ मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा बॅटरी वगळून गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये अशी सोय होती. त्या भाड्यात चार्जिंगचे दीड-दोन रुपये मिळवले की पेट्रोलच्या खर्चाशी अंतर बरेच कमी उरते. जाहिरातीतल्या ‘एक रुपयात किलोमीटर’मध्ये बॅटरीची झीज धरलेली नसते, हे या एका आकड्यावरून लक्षात येते.

वीज बिलाचे टप्पे

रोजच्या खर्चाबाबत मात्र सर्वसाधारण आकडे नागपुरात फसवे ठरतात. पेट्रोलचे गणित सोपे आहे. लिटरला सुमारे १०४ रुपये आणि शहरात लिटरला १५ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विजेची मध्यम मोटार एका युनिटला सहा ते सात किलोमीटर जाते. आता युनिटचा दर काय, हे कोणत्या मीटरवर आणि कोणत्या महिन्यात गाडी चार्ज करता यावर ठरते.

महावितरणचे घरगुती बिल उघडून पाहावे. वीज आकार चार टप्प्यांत वाढत जातो: १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. त्यावर वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. २०२४-२५ च्या दरांनुसार वहन आकार धरून दुसऱ्या टप्प्यातला युनिट १२ रुपयांच्या, तिसऱ्यातला १६ च्या आणि चौथ्यातला १८ च्या आसपास जात होता; हिशेबासाठी तेच दर धरू. मोटारीची वीज घरच्या वापरावर चढते, म्हणजे ती नेहमी वरच्या टप्प्यात मोजली जाते.

महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला साधारण १६० युनिट लागतात. डिसेंबरात घरचा वापर १८० युनिट असेल, तर गाडीचे १६० मिळून बेरीज ३४० होते. त्यातले १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि ४० तिसऱ्यात पडतात. वीज शुल्कासह गाडीचा खर्च सुमारे २,४०० रुपये. मे महिन्यात त्याच घरात दोन कूलर किंवा एसी चालतो आणि वापर ४५० वर जातो. मग गाडीचे बहुतेक युनिट चौथ्या टप्प्यात जाऊन तोच खर्च ३,२०० च्या घरात पोचतो. दोन्ही महिन्यांत पेट्रोलला मात्र ६,९०० रुपये लागतात. बचत आहेच, पण ‘पेट्रोलच्या दहाव्या हिश्शात’ ही जी वाक्ये ऐकू येतात त्यांच्या जवळपासही ती जात नाही. सार्वजनिक जलद चार्जरवर तर युनिटला वीस रुपयांच्या आगेमागे मोजावे लागतात.

यावर तीन उपाय आहेत. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये वाहन-चार्जिंगचा वेगळा दरवर्ग केला. त्या वर्गात स्वतंत्र जोडणी घेतली तर घरगुती टप्प्यांची चढण लागत नाही. दुसरा, स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर मिळणारी सवलत. तिसरा आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे छतावरची सौर वीज. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि असा संच महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतो. त्यात घर आणि गाडी दोन्ही भागतात. नागपूर जिल्हा या योजनेत राज्यात आघाडीवर आहे. पण हा मार्ग स्वतःचे छत असणाऱ्यांचा. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड या भागांतल्या फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्याला तर पार्किंगमध्ये साधा सॉकेट बसवण्यासाठीही सोसायटीची संमती, केबलची लांबी आणि मीटरची जागा यांतून वाट काढावी लागते. खर्चाची चर्चा बहुधा बंगल्याच्या फाटकाशीच थांबते, हे मला खटकते.

एकूण हिशेब असा येतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला घरच्या दरातही इंधन आणि देखभाल मिळून वर्षाला पन्नास-साठ हजार वाचतात. तीन लाखांची तफावत पाच-सहा वर्षांत भरून निघते. दोन हजार किलोमीटर असतील आणि मीटर वेगळा असेल तर तीन वर्षांच्या आत. पण नागपूर हे आटोपशीर शहर आहे. मनीषनगरहून सीताबर्डीला जायचे म्हटले तर सात-आठ किलोमीटर. फक्त ऑफिसला जाणे-येणे करणाऱ्याची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरही धावत नाही, आणि त्याला ही वसुली होईपर्यंत नऊ-दहा वर्षे लागतात. बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षांची असते.

समृद्धी महामार्गाने या गणितात आणखी एक आकडा आणला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, मोटारीचा एका बाजूचा टोल सुमारे चौदाशे रुपये, आणि २०२५ च्या राज्य धोरणात विजेच्या मोटारींना या मार्गावर टोलमाफी. वारंवार जाणाऱ्याला ही रक्कम मोठी आहे. मात्र ताशी १२० च्या वेगाने बॅटरी झपाट्याने उतरते आणि वाटेत दोनदा तरी थांबावे लागते.

धूर कोणाच्या वाट्याला

पर्यावरणाच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. एक हवामान बदलाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. दुसरा श्वासात जाणाऱ्या हवेचा.

पहिला आधी घेऊ. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १५ किलोमीटरच्या हिशेबाने किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम. तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे धरले तर १८० च्या आसपास. विजेच्या बाजूला, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला असला तरी प्रत्यक्ष निर्मितीत अजून सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. वाहिन्यांमधली आणि चार्जिंगमधली गळती मिळवली तर विजेच्या मोटारीचे किलोमीटरला १३०-१४० ग्रॅम होतात. फरक ४५ ग्रॅमच्या आसपास.

या नफ्यातून बॅटरीचे देणे आधी फेडावे लागते. ३० किलोवॉट-तासांची बॅटरी बनवताना दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो भरून निघायला ४० ते ६५ हजार किलोमीटर लागतात. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: पैशांची वसुली आणि कार्बनची वसुली जवळपास एकाच अंतरावर होते. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याची चार ते सहा वर्षांत, पाचशे चालवणाऱ्याची त्याच्या दुप्पट काळात. घरी उभी राहणारी विजेची गाडी खिशालाही जड आणि हवेलाही.

अभ्यासकांचे निष्कर्ष याच कारणाने वेगवेगळे निघतात. आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या विजेच्या मोटारीचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोल मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी दाखवले. गाडीच्या आयुष्यात ग्रिड हळूहळू स्वच्छ होत जाईल हे त्यांनी गृहीत धरले होते. आयआयटी कानपूरच्या इंजिन संशोधन प्रयोगशाळेने २०२३ मध्ये एका जपानी संस्थेच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा होता: निर्मिती, वापर आणि भंगार धरून विजेच्या मोटारी हायब्रिड व साध्या मोटारींपेक्षा १५ ते ५० टक्के जास्त उत्सर्जन करतात, आणि हायब्रिड सर्वांत स्वच्छ. आजच्या ग्रिडवर हायब्रिडविषयीचा मुद्दा नाकारता येत नाही. लिटरला २५ किलोमीटर देणाऱ्या हायब्रिडचे उत्सर्जन किलोमीटरला ११० ग्रॅमच्या आसपास येते. पण साध्या पेट्रोल मोटारीही विजेच्या मोटारीपेक्षा स्वच्छ, हे मान्य करायला वरचे आकडे आधार देत नाहीत. त्यासाठी गाडी फारच कमी धावते असे धरावे लागेल.

आता श्वासाची हवा. सीताबर्डीच्या चौकात सिग्नलला उभी असलेली विजेची गाडी काहीच सोडत नाही, आणि वाहतूक पोलिसाला, भाजीवाल्याला, दुचाकीवरच्या मुलाला त्याचा थेट फायदा आहे. या बाजूने विजेच्या मोटारीचे श्रेय निर्विवाद आहे. टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ तिच्यामुळेही उडते, गाडी जड असल्याने कदाचित थोडी जास्त. ते श्रेयातून वजा करावे.

पण शहराच्या उत्तरेला कोराडी आहे. तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आणि २१० चा एक जुना संच, जवळच खापरखेड्यात आणखी १,३४० मेगावॉट. कोळशाचा पुरवठा करणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही नागपुरातच. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालणारे नियम डिसेंबर २०१५ चे. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक वीज केंद्रांना हा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत गेले. कोराडीत आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा विरोध करणाऱ्यांचा हाच मुद्दा होता.

विजेच्या मोटारीचे समर्थक याला उत्तर देतात की ग्रिड एकच आहे, नागपूरची गाडी कोराडीच्याच विजेवर चालते असे म्हणता येत नाही, आणि एवढ्या थोड्या मोटारींमुळे एकही संच वाढलेला नाही. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. विरोधक म्हणतात की लोक संध्याकाळी घरी येऊन प्लग लावतात, त्या वेळी सौर वीज नसते आणि वाढीव मागणी कोळशाचे संचच भागवतात. तेही बरोबर आहे. नेट मीटरिंगवाल्याचे पॅनल दुपारी ग्रिडला वीज देते आणि त्याची गाडी रात्री ग्रिडमधून घेते. बिलात दोन्ही समान होतात, चिमणीत होत नाहीत. गाडी दुपारी चार्ज झाली तर हा वाद बराचसा मिटतो, पण त्यासाठी चार्जर घरापेक्षा कार्यालयाच्या पार्किंगमध्ये हवा. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांची छते आणि त्यांची वाहनतळे यांचा या दृष्टीने विचार झालेला मला दिसत नाही.

नवतपा आणि बॅटरी

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ अंश ही नेहमीची गोष्ट. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते: आतली रासायनिक झीज तापमानाबरोबर वाढते आणि धारण-क्षमता कमी होते. जलद चार्जिंगच्या वेळी बॅटरी तापू नये म्हणून यंत्रणा स्वतःच वेग कमी करते, आणि एसी पल्ल्यातला हिस्सा खातो. लोह-फॉस्फेट रसायनाच्या बॅटऱ्या उष्णता तुलनेने चांगली सोसतात, आणि भारतातल्या बऱ्याच परवडणाऱ्या मोटारींत आता त्याच आहेत. द्रवाने थंड ठेवण्याची सोयही आली आहे. पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी दहा उन्हाळ्यांनंतर किती उरेल, यावरच जुन्या गाडीचा बाजारभाव अवलंबून आहे, आणि वापरलेल्या विजेच्या मोटारीचा भाव आज पडतो तो याच धास्तीने. निकामी बॅटरीची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. त्या नियमांची खरी कसोटी मोटारींच्या बॅटऱ्या मोठ्या संख्येने बाद होऊ लागतील तेव्हा लागेल.

पेट्रोलही स्थिर नाही

तुलनेतली दुसरी बाजूही बदलते आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणून लिटरमागे मिळणारे अंतर थोडे घटते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांविषयी तक्रारी आहेत. समर्थक आयात तेलाची बचत आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव दाखवतात. टीकाकार उसाला आणि मक्याला लागणारे पाणी. देश कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून जास्त गरज आयातीवर भागवतो हे खरे, पण बॅटरीचे सेल बव्हंशी चीनमधून येतात हेही तितकेच खरे.

न सुटलेले प्रश्न

आज उपलब्ध माहितीवर मला असे वाटते: स्वतःचे छत, महिन्याला हजार किलोमीटरहून जास्त वापर आणि दिवसा चार्ज करण्याची सोय असेल, तर विजेची मोटार दोन्ही हिशेबांत सरस आहे. फ्लॅटमध्ये राहून महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याने आहे ती पेट्रोलची गाडी नीट राखून वापरली, तर त्यात पर्यावरणाशी द्रोह नाही. मधल्या लोकांसाठी उत्तर दरवर्षी बदलणार आहे, कारण ते ग्रिडच्या कोळशावर, वीज आयोगाच्या दरपत्रकावर आणि करांवर अवलंबून आहे.

मात्र उन्हात बॅटरी किती टिकते, या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परदेशी अभ्यासातून मिळणार नाही. ते इथल्याच गाड्यांतून मिळेल. २०२० मध्ये घेतलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हींची आठ वर्षांची हमी २०२८ मध्ये संपते. नागपुरातल्या अशा मालकांनी दर उन्हाळ्याआधी आणि नंतर पूर्ण चार्जवरचा पल्ला, एकूण किलोमीटर आणि बिलातले युनिट लिहून ठेवावेत, आणि १९५८ पासून याच शहरात असलेल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने किंवा व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेने त्या नोंदी गोळा कराव्यात. पुढच्या ग्राहकाला हा निर्णय अंदाजाऐवजी मोजमापावर घेता यावा, यासाठी ही नोंद आतापासून सुरू व्हायला हवी.